वाण सातची बारा कार्डं

फोन आला तेव्हा फौजदार गोरक्षनाथ दहातोंडे समोरच्या चहाकडे नुसते बघत बसले होते. बायको जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून चहा गोड आहे की अगोड, हेही त्यांना कळेनासं झालं होतं.

फोन मिरजगावजवळच्या ज्वारी संशोधन केंद्रातून होता. तिथला सहायक बन्सी बोलत होता.

"साहेब, आमचे आकडे कुणीतरी बदललेत."

खून पाहिले, बांधाच्या मारामाऱ्या पाहिल्या, पण आकड्यांची फिर्याद अख्ख्या नोकरीत पहिलीच. तरी दहातोंड्यांना नवल वाटलं नाही. ते मुकाट जीपमध्ये बसले.

बन्सीने प्रकरण सांगितलं. पाच वर्षांच्या प्रयोगाचे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर होते. एका कार्डावर एका वाफ्याचं एका सालचं उत्पन्न. कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन आली आणि वाण सात अव्वल ठरला. आता तेच बी गावोगाव वाटायचं होतं.

"मग बिघडलं कुठं?"

बन्सीने शेतात राबणाऱ्या राहीबाईला पुढं केलं.

"सायेब, गेली दोन सालं सातच्या सहाही वाफ्यांना कणीसच धरलं न्हाई. म्याच कापलंय. निस्ता कडबा हुता."

ताळा पाहायला शेतावरची मूळ वही हवी होती. ती गायब होती.

कार्डांना भोकं पाडायच्या मशीनच्या खोलीच्या दारावर पाटी होती. 'आत चपला, खाद्यपदार्थ, हळदकुंकू आणू नये. आणल्यास कामावरून काढण्यात येईल.' खाली संचालक डॉ. राधाकृष्ण कोठावळे यांची सही. आत लोखंडी कपाट, त्याची एकच किल्ली आणि किल्ली कुणाकडे गेली याची वही. कपाटातल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर वरच्या कडेने पेन्सिलची तिरपी रेघ ओढलेली. एखादं कार्ड हललं तरी रेघ तुटायची. आत्ता मात्र ती अखंड होती.

"किल्ली हिची, मशीन हिचं," कोठावळे म्हणाले. "आणखी काय पुरावा हवा?"

'ही' म्हणजे कार्डं पंच करणारी विजयमाला. बाप दुष्काळी कामावर खडी फोडत होता. घर चालायचं ते हिच्या पगारावर.

"मशीन आणखी कुणाला येतं?"

"बन्सीला येतं. मला येतं. हिला नि बन्सीला मीच शिकवलं," कोठावळे म्हणाले.

दहातोंड्यांनी किल्लीची वही चाळली. भाद्रपदात विजयमालाला ताप आला, तेव्हा पंधरा दिवस किल्ली बन्सीकडे. खंडेनवमीच्या संध्याकाळी विजयमाला गावी गेली, तेव्हा कोठावळ्यांकडे. ती परतायच्या आधीच कार्डांची पेटी सील होऊन पुण्याला गेलेली.

"कार्डं तू बदललीस?" त्यांनी विजयमालाला विचारलं.

"न्हाई साहेब."

"मग कोणी?"

 तिची नजर कार्डांच्या लाकडी पेटीकडे गेली आणि लगेच खाली वळली. पेटीच्या तळाला पिवळट डाग होता.

दहातोंड्यांनी गठ्ठा उचलून उलटा केला. बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांना बोलावलं.

"वरची रेघ सगळ्यांना ठाऊक होती. चोराने कार्डं बदलून ती नव्याने ओढली. खाली बघायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. खालच्या कडेला हळदकुंकवाचं बोट ओढलंय. बारा कार्डांच्या कडा तेवढ्या कोऱ्या आहेत, आणि बाराही कार्डं वाण सातची. पोरी, हे बोट कधी ओढलंस?"

विजयमालाने आधी दारावरच्या पाटीकडे पाहिलं.

"खंडेनवमीला. मशीनला हळदकुंकू लावायची भीती वाटली, म्हणून गठ्ठ्याला खालून लावलं. आमी हत्यार पुजल्याबिगर ऱ्हात न्हाई, साहेब."

"हळदीची पुडी म्याच दिलती," राहीबाई म्हणाली.

"म्हणजे खंडेनवमीला जुनी कार्डं जागेवर होती. बदल झाला तो त्यानंतर आणि पेटी सील व्हायच्या आधी. तेव्हा किल्ली एकाच माणसाकडे होती. हळदकुंकू आत येऊच शकत नाही, याची खात्रीही त्याच माणसाला होती. होय ना, डॉक्टर?"

कोठावळे खुर्चीत बसले.

"नऊ वर्षं घातली मी त्या वाणात," ते म्हणाले. "दोन सालं पाऊस पडला असता, तर खोटं करावं लागलं नसतं. वही मीच जाळली."

त्यांना जीपमध्ये बसवलं. दहातोंड्यांनी पंचनाम्याचा कागद पुढं ओढला आणि तिथंच थांबले. हळदीचा उल्लेख केला तर ही पोर स्वतःच्या तोंडाने कामावरून जाणार. नाही केला तर कोठावळे वकिलाच्या जोरावर सुटणार.

"पाटी अजून आहे दारावर," ते म्हणाले. "वर नवा साहेब कसा येईल, सांगता येत नाही. काय करू?"

विजयमालाने टेबलावरचं पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"लिहा साहेब. ते सातचं बियाणं माझ्या बापाच्या रानात पडायचं हुतं."

दहातोंडे लिहू लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुणाची तरी काळजी वाटली, आणि अक्षर हललं.