चरती पलटण

हौसाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती, तेवढ्यात फाटकातून सहा लोखंडी जनावरं ओळीनं आत आली. ही सैन्याची चरयंत्रं. त्यांच्या पोटात भट्टी. पाला, कडबा, धान्य, मिळेल ते जाळून ती वीज करायची. त्यामुळे सैन्याचे रसदीचे ट्रक वाचले आणि वाटेतल्या गावांचं नशीब फुटलं. खालच्या वाडीत लोकांनी घाबरून छपरावरचं गवतसुद्धा काढून दिलं होतं.

"नमस्कार. मी नाईक सात," पुढचं यंत्र म्हणालं. "आम्ही बळजबरी करत नाही. आपण राजीखुशीनं ही शेंगांची दोन पोती द्यावीत."

त्याच्या पाठीवरच्या बंदुकीची नळी मात्र तिच्याकडेच होती.

हौसाबाईनं पोत्यांकडे बघितलं. ते बियाणं होतं. ते गेलं तर रानात पेरायचं काय, कपाळ?

"घ्या की," ती कशीबशी म्हणाली.

"आधी आपण मूठभर खाऊन दाखवा."

शत्रूनं एकदा धान्यात लोखंडाचा चुरा मिसळून अख्खी पलटण बंद पाडली होती. तेव्हापासून देणाऱ्यानं चावून दाखवल्याशिवाय यंत्रानं कशालाही तोंड लावायचं नाही, असा नियम होता.

"मी आधी? आन् दारात पाव्हणा उपाशी? आमच्यात न्हाई तसं."

"आम्ही पाहुणे नाही. पलटण आहोत."

"दारात आला त्यो पाव्हणा. तुमी जेवा, मग मी."

"नियमानुसार आधी आपण."

"आवो, सासू वरनं शिव्या घालंल मला!"

तिनं सहा पत्रावळी मांडल्या, पाण्याचे तांबे ठेवले आणि आग्रह सुरू केला. नाईक सातनं मुख्यालयाला विचारलं. मुख्यालयानं तोच नियम वाचून दाखवला. दोन तासांनी ओळीतलं शेवटचं यंत्र भट्टी विझून मटकन खाली बसलं आणि बंद पडलं. मग त्याच्या पुढचं, मग त्याच्याही पुढचं. तेव्हा कुठं हौसाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तिचा आग्रह दुप्पट झाला. "लाजू नगा, घ्या की!"

उन्हं कलली तेव्हा एकटा नाईक सात उभा होता. हौसाबाईनं खुशीत भाकरी थापली, ताट घेऊन उंबऱ्यावर बसली, आणि घास तोंडाशी नेता नेता थांबली. समोर कुणी उपाशी असताना ती जन्मात जेवली नव्हती. दोन शेंगा चावल्या की हे जेवणार, मग बाकीच्या पाचांना उठवणार, आणि बियाणं जाणार. तिला स्वतःचाच राग आला.

"मावशी," यंत्र खोल गेलेल्या आवाजात म्हणालं, "तुम्ही जेवलात का?"

हे नियमानं विचारलं की मायेनं, हे तिनं ओळखायचं कसं?