आणायला जाणारा माणूस

“मग पोर एकटी चढ चढून वर आली कशी, आई? तुम्ही होतात कुठे?”

“बसपाशीच होते! मी पोचले तर पोर नाही. बसमधली ती बाई म्हणते, गेली की ती. मी काय उडत जाऊ?”

“गुडघे दुखत असतील तर तसं सांगा, मी बाई लावते. पण खोटं कशाला...”

“खोटं तुम्ही नवराबायको बोललात गं, मी नाही. आजोबा गावी गेलेत, येतील, असं तिला कुणी सांगितलं? मी?”

श्वेता वाकून गार्गीच्या बुटांचे बंद सोडू लागली. पण सून गप्प झाली म्हणजे भांडण संपलं असं सुलक्षणा कधीच धरत नसे. आच मंद केली, एवढंच.

सुलक्षणाचा नवरा दत्ताराम जाऊन पंधरवडा होऊन गेला होता. तेव्हा गार्गी जोगेश्वरीला मामाकडे होती. पहिलीतली पोर, घाबरेल, म्हणून तिला कुणी काही सांगितलंच नाही. आता ती पायातले मोजे ओढत शांतपणे म्हणाली, “मी एकटी नाही आले. आजोबांनी आणलं.”

श्वेताने कपाळावर हात मारला. सुलक्षणाने मात्र पोरीचा उजवा तळवा नाकाशी नेला. दत्तारामच्या तंबाखूचा वास होता, चुन्याचा होता. आणि त्याखाली ओल्या राखेचा.

दत्ताराम म्हणजे आणायला जाणारा माणूस. गिरणी बंद पडली, मग त्याने लोकांच्या फाटकांवर पहारे केले, पाठीवर खोकी वाहिली, पण घरचं माणूस दिवेलागणीनंतर एकटं घरी आलं असं घाटकोपरच्या त्या चढाने कधी पाहिलं नाही. सुलक्षणा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तिच्यासाठी हा फाटकावर उभा. मुली रात्रशाळेतून सुटल्या की उभा. नितेश मित्रांसमोर लाजायचा, “बाबा, तुम्ही येऊ नका यार,” म्हणायचा, तर हा पलीकडच्या फुटपाथवरून चालायचा, पण यायचाच. लग्न होऊन श्वेता आली, तर मेट्रोच्या जिन्याखाली छत्री घेऊन तिच्यासाठीही उभा. सगळी माणसं आत आली, कडी लागली, की मगच हा ताटावर बसायचा. एक जण जरी बाहेर असलं तरी ताट झाकलेलं आणि हा दारात. आळीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस हो. काढलंच होतं, ती कशाला नाकारेल? पण असला माणूस मेल्यावर काय करतो, हे कुणी सांगितलंय का?

तिला मात्र दुसरीच आठवण छळत होती. घराबाहेर पडताना दत्ताराम रोज म्हणायचा, “येतो गं.” आणि ती चुलीपाशी असो, मोरीत असो, म्हणायची, “या.” सगळा जन्म तसाच गेला. त्या दिवशी तिरडी खांद्यावर चढली, बायकांनी हंबरडा फोडला, आणि हिच्या तोंडून सवयीने निघालं, “या.”

शेजारणीने तोंडावर पदर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ती बसच्या आधीच जाऊन नाक्यावर उभी राहिली. ऊन चांगलं डोक्यावर होतं. बस आली, मुलं उतरली, पालकांची एकच गर्दी उसळली. सुलक्षणा वाट काढत दाराशी गेली, तर बसमधली बाई हसली.

“आज तुम्ही पण आलात? आजोबा आताच घेऊन गेले ना तिला.”

“कुठे?”

“ते काय, चाललेत...”

बाईने बोट दाखवलं, तिकडे सुलक्षणाला एकटी गार्गी दिसली. दप्तर पाठीवर, उजवा हात खांद्याच्या वर उचललेला, मुठीत काहीतरी घट्ट धरल्यासारखा. ती चढाकडे जात नव्हती. पाडलेल्या इमारतीभोवती निळे पत्रे ठोकले होते, तिकडे चालली होती. एक पत्रा सुटून पोरीएवढी फट पडली होती.

सुलक्षणा धावली. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं ते तिचं तिला कळलं नाही. फटीतून अंग खरवडत आत शिरली, तर बाहेरचा गलका एकदम मिटला. रस्ता हाकेवर, पण हॉर्न नाही की माणूस नाही. नव्या इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलेलं, आणि गार्गी काठावर. गुडघ्यापर्यंत चिखल.

“गार्गी... हलू नको. आजीकडे ये.”

“आजोबा सोडत नाहीत.” पोरीच्या आवाजात भीती नव्हती, तेच वाईट. “ते म्हणतात, ताटं वाढलीत. सगळ्यांना न्यायचंय. आधी मला, मग पप्पांना, मग...”

पोरीचा हात ताणला गेला. एक पाऊल पाण्यात पडलं.

“जा!” सुलक्षणा किंचाळली. जन्मात त्याला कधी न म्हटलेला शब्द. “ऐकू येतं का? मेलात तुम्ही! जा!”

पाण्यावर तरंगही उठला नाही. हात तसाच वर. पोरीचं दुसरं पाऊल उचललं.

तेव्हा सुलक्षणा चिखलात उतरली, आणि पोरीच्या मुठीशेजारच्या रिकाम्या हवेत तिने आपला डावा हात पुढे केला. चारचौघांत दत्तारामने तो कधी धरला नव्हता.

गार्गीचा हात खाली पडला.

घरी श्वेता दारातच होती. पोरीचे पाय बघून तिचा तोल गेला. “कुठे नेलं होतंत हिला? आता बस्स झालं. नितेशला सांगते, आम्ही मुलुंडला भाड्याने राहू, काय वाटेल ते करू! तुम्ही बसा इथे तुमची भुतं घेऊन!”

सुलक्षणाने उजव्या हाताने पोरीला उंबऱ्याच्या आत लोटलं. स्वतः बाहेरच थांबली. तिचा डावा हात अंगापासून जरा लांब होता, मनगटाजवळची कातडी आत दबलेली, आणि त्या बोटांवरून जिन्यावर काळपट पाणी ठिबकत होतं.

“आई... हात असा का धरलाय तुम्ही?”

“मी नाही गं धरलेला,” सुलक्षणा म्हणाली. “तिचा सोडलाय त्यांनी, माझा धरलाय, तू दार लाव.”