सल्ला न देणारा वकील

"ऐक ना रंजिता, ऐक... 'सदर मिळकतीबाबत उभय पक्षकारांनी यथोचित कार्यवाही करणे क्रमप्राप्त ठरते.' अगं, हा ब्लॉग आहे की झोपेची गोळी? हा माणूस बायकोकडे चहासुद्धा नोटीस पाठवून मागत असेल!"

बेलापूर कोर्टाच्या मागच्या गल्लीत, चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली उभी राहून सुचिता फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. भाद्रपदातली रिपरिप सुरू होती, ओढणीचं एक टोक भिजलं होतं आणि तोंडाला मात्र लगाम नव्हता. ऐरोलीतल्या कंपनीतली नोकरी सोडून ती लोकांचे ब्लॉग लिहून द्यायची. आज एका वकिलाच्या ऑफिसात कामाबद्दल बोलायला जायचं होतं, म्हणून त्यांचे जुने लेख ती वाचून बघत होती.

"बायको नाहीये," शेजारून कुणीतरी शांतपणे म्हणालं. "आणि चहा मी तोंडानेच मागतो. हे बघा... दादा, दोन कटिंग!"

सुचिताने मान वळवली. हातावर काळा कोट, पावसाने कपाळाला चिकटलेले केस, आणि ओठ अगदी गंभीर... पण डोळे? डोळे चक्क हसत होते.

"तुम्ही... घरत वकील?"

"कुंदन घरत. ते 'क्रमप्राप्त' माझंच."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सुचिताला वाटलं. पण बेलापूरची जमीन सगळी सिमेंटची. तिने फोन पर्समध्ये कोंबला आणि म्हणाली, "सॉरी... पण लेख खरंच वाचवत नाहीत हो."

"म्हणून तर माणूस शोधतोय." त्याने दुसरा ग्लास तिच्यापुढे केला. "घ्या. मुलाखत झाली तुमची. उद्यापासून या."

ऑफिस कोर्टाजवळच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, खिडकीतून पारसिकचा हिरवा डोंगर, आणि बाहेर पक्षकारांसाठी एक लांब बाक. कुंदनने तिच्यासाठी कायद्याची जाडजूड पुस्तकं काढून ठेवली होती. सुचिताने ती बाजूला सारली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

"तिथे काय करताय?" त्याने विचारलं.

"कान लावून बसलेय. लोक कलमं विचारायला येत नाहीत, वकीलसाहेब. गाऱ्हाणी घेऊन येतात."

आणि खरंच, त्या बाकावर विषयांची खाणच होती! वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळतंय, आता खर्च कोणाचा? भाडेकरूने भिंतीला भोकं पाडली, तर डिपॉझिट कापता येतं का? लग्नात माहेरच्यांनी घातलेलं सोनं सासूच्या कपाटात आहे, ते नक्की कुणाचं? सोसायटीने कुत्र्याला लिफ्टबंदी केली, आता म्हाताऱ्या कुत्र्याने सातव्या मजल्यावर चढायचं कसं? सुचिता एकेक गाऱ्हाणं उचलायची, त्याला गमतीची फोडणी द्यायची, आणि मग कायदा काय म्हणतो ते कुंदनकडून काढून घ्यायची.

'वरच्याची आंघोळ, खालच्याच्या डोक्यावर' हा पहिलाच लेख सोसायट्यांच्या ग्रुपवर इकडून तिकडे फिरला. कळंबोलीहून एक ट्रान्सपोर्टवाले तो मोबाइलवर दाखवत थेट ऑफिसात हजर झाले. "साहेब, ह्यो माजाच किस्सा हाय! तुमाला सांगितला कोनी?"

कुंदन मात्र नियमाचा पक्का. प्रत्येक लेख तो दोनदा वाचायचा.

"हे 'आजच भेटा' काढा."

"का पण?"

"वकिलाला जाहिरात करता येत नाही. माहिती द्यायची, बोलावणं धाडायचं नाही."

"म्हणजे तुम्ही कुणालाच बोलावत नाही?"

"नाही."

"चहालासुद्धा?"

त्याने वर पाहिलं. कान हळूहळू लाल झाले. "चहाबद्दल... नियम वाचून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सुचिता आली तेव्हा तिच्या टेबलावर चहा तयार होता, कपावर बशी झाकलेली. नियम काय निघाला ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

लेख पास की नापास, हे ठरवायची मात्र तिसरीच एक जण. गोजरा आत्या! कुंदनच्या वडिलांची बहीण. वय सत्तरीचं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आवाज असा की खालच्या रिक्षावाल्याने वर बघावं. जासईहून ती आठवड्यातून एकदा यायची, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन. कुंदन तिला नवा लेख वाचून दाखवायचा. ती हसली तर लेख जायचा. ती म्हणाली, "कया बोलतंस तां मना नाय समाजलां," तर सुचिता पुन्हा लिहायला बसायची.

एकदा आत्या सोन्याच्या लेखावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता कुंदनने सुचिताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं... पण सुचिताच्या हातातलं पेन खाली पडलं, आणि ते उचलायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

सगळं असं छान चाललं होतं, आणि हैदराबादहून पत्र आलं. मोठी कंपनी, औषधांबद्दल इंग्रजीत लिहायचं, पगार ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन येणार होता. हो की नाही, तेवढं सांगायचं.

सुचिताला खरं तर हे बाकावरचंच लिखाण आवडायचं. औषधांच्या लेखावर हसायला तिथे कोण असणार होतं? पण कुंदनच्या मनात काही नसेल, तर रोज त्याच्यासमोर बसणं तिला झेपणारं नव्हतं. त्यापेक्षा लांब गेलेलं बरं. आणि त्याच्या मनात काय आहे, हे तो कधी बोलणार? म्हणून गुरुवारी तिनेच विषय काढला.

"कुंदन, हैदराबादची नोकरी आलीय. जाऊ... का नको?"

तो लिहायचा थांबला. पेनाचं टोपण त्याने लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मला यात सल्ला देता येणार नाही."

"अरे, सल्ला कसला? साधं सांग ना, जा किंवा नको जाऊ."

"नाही सांगू शकत." तो खिडकीबाहेर बघत होता. "दुसऱ्या कुणाला तरी विचार, प्लीज."

एवढंच! बाथरूम गळणाऱ्यांना तासतासभर समजावणारा हा माणूस, आणि तिच्यासाठी त्याच्याकडे एक शब्द नव्हता. सुचिताने बॅग उचलली. जिना उतरताना तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचाच जास्त राग आला.

शुक्रवारी दिवस कलता कलता ती आपलं सामान घ्यायला आली. तो कोर्टात असेल अशीच वेळ तिने निवडली होती. बाकावर गोजरा आत्या डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"कया गो पोरी, त्वांड का सुकलांय तुजां?"

"काही नाही आत्या. तुमच्या भाच्याने सल्ला दिला नाही म्हणून." सुचिताने हसून बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज चिरकला. "सगळ्या जगाला देतो. मला म्हणाला, दुसऱ्या कुणाला विचार."

आत्या एकदम ताठ बसली. "तुला पन? मना पन असांच बोलला व्हता यो!"

"तुम्हाला? का?"

"माजी जमिनीची केस नाय का? भावाच्या इरोधान, म्हंजी याच्या बापाच्या! मी आलू याच्याकरं. बोललू, तू घरचा वकील, तूच माजी केस लर. तर यो बोलतंय, आत्या, मना नाय जमनार. त्या जमिनीन माजा पन वाटा येतंय. जिथं माजा सोताचा जीव गुतलाय, तिथं मी सल्ला नाय देत. दुसरा वकील बग." आत्याने डब्याचं झाकण घट्ट केलं. "पनवेलला यानीच वकील बगून दिला. बापाच्या इरोधान! हाय का नाय खुळा?"

सुचिता तिच्या शेजारी बाकावर बसली.

"जिथं जीव गुंतलाय... तिथे देत नाही?"

"नाय. मरला तरी नाय." आत्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं, आणि मग त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूच हसू पसरलं. "आता बसलीस कया? जा की गो!"

सुचिता धावली. तीन मजले, रस्ता, चिखल, कोर्टाचं फाटक! पावसाची एक सर आली आणि गेली, तिला पत्ताच नाही. कुंदन नुकताच बाहेर येत होता, काखेत फायली, चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

"सुचिता? काय झालं?"

"तू काल सल्ला का दिला नाहीस?"

"मी सांगितलं ना..."

"ते नको. कारण सांग. आत्याची केस नाकारलीस, त्यात जमिनीचा वाटा होता. माझ्यात काय होतं?"

त्याचे कान पुन्हा लाल. आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. हैदराबाद.

सुचिताने फोन उचलला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "गुड इव्हनिंग मॅम, देन कॅन वुई कन्फर्म?"

"वन मिनिट, प्लीज." सुचिताने फोन छातीशी धरला. "बोल आता. एकच मिनिट आहे."

"सुचिता, हे बरोबर नाही... मी बोललो तर तुझा निर्णय..."

"निर्णय माझा आहे, तो मी घेईन. तू तुझं बोल!"

त्याच्या काखेतली एक फाइल निसटून ओल्या पायरीवर पडली. त्याने ती उचलली नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. मग जणू बांध फुटला. "पहिल्या दिवसापासून. माझ्या लेखाला झोपेची गोळी म्हणालीस तेव्हापासून. काल 'जा' म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं, आणि 'नको' म्हणालो असतो तर स्वार्थ. तू जा किंवा राहा... हैदराबादला गेलीस तर मी तिकडे येत जाईन, सुट्ट्या काढून, कसाही. पण तू हवी आहेस मला. आयुष्यभर हवी आहेस."

पायरीवर उभे असलेले दोन-चार वकील थबकले होते. सुचिताचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही आवरेना. इतके दिवस जे ऐकायला ती झुरत होती, ते तिने ऐकलं होतं, आणि आता पुढचं तिला स्वच्छ दिसत होतं. आपल्याला काय लिहायचंय आणि कुणाजवळ राहायचंय, दोन्ही.

तिने फोन कानाला लावला. "हॅलो? सॉरी... आय ॲम नॉट जॉइनिंग. मला इथेच काम आहे."

 पलीकडची ती गोड आवाजाची मुलगी अस्सल मराठीत म्हणाली, "कळलं मॅडम. मी सोलापूरची. सगळं ऐकू आलं. अभिनंदन!" आणि फोन बंद झाला.

कुंदनने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. उरलेल्या फायलीही पायरीवर. सुचिता खाली बसून त्या गोळा करायला लागली, तसा तोही बसला, आणि कागदांच्या ढिगाऱ्यात त्याने तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही.

"घरी आई-बाबांना मी सांगेन," तो पुटपुटला. "पण आत्याला कसं सांगायचं? ती आधी ओरडेल, तिला का नाही विचारलं म्हणून."

"तिला काय सांगतोस?" सुचिता म्हणाली. "मला तिनेच पाठवलंय."