पीठगोळी

सरजाबाई लांजेवारांनी चाळणीत राहिलेला कोंडा चिमटीत घेतला, जिभेवर ठेवला आणि गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"माह्या गव्हात हरभरा आहे, तेजराम! जात्यापाशी उभी होती मी, तरी."

"पोटात गेल्यावर सगळं सारखंच होते, माय," त्यांचा मुलगा तेजराम म्हणाला. तो चाकाच्या खुर्चीत बसून पंपाच्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. चौतिसाव्या वर्षी त्याचे हात पहिलवानाचे होते आणि पाय लहान पोराचे.

"तुह्या पोटाले चालते, माह्या पोळीले नाही चालत. हा शेजारच्या सुनंदाचा हरभरा आहे. तिचं दळण माह्या आधी होतं."

एवढ्यात दारात मंडळाची गाडी येऊन उभी राहिली. चालक नव्हताच. गाडीने आपणहून दार उघडलं आणि गोड आवाजात म्हणाली, "सरजाबाई, आपली वेळ झाली."

"थांब म्हणा तिले. हात तर धुऊ दे." सरजाबाईंनी गाडीलाही तीच तंबी दिली जी त्या जावयाला देत. मग फडताळातली एक छोटी पत्र्याची डबी कमरेच्या बटव्यात टाकली आणि निघाल्या.

पिंपळदऱ्याच्या दारूगोळा कारखान्यात सरजाबाईंनी चौतीस वर्षं काडतुसं तपासली होती. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळे सोडून. पण पट्ट्यावरून सरकणाऱ्या हजार काडतुसांतून दारू कमी भरलेलं एक काडतूस त्या न वजन करता उचलून बाजूला ठेवत. पुढे 'विशेष दारूगोळा कायदा' आला आणि नव्या प्रकारच्या प्रत्येक गोळीला पाच जणांच्या मंडळाची एकमताने मंजुरी लागू लागली, तेव्हा पाचवी जागा, नागरिक सदस्याची, याच गुणामुळे त्यांच्याकडे आली. बाकीचे चार म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, एक पोलीस अधिकारी, एक शस्त्रवैद्य आणि कायद्याचे एक प्राध्यापक. मंजुरी द्यायची ती काचेच्या पाटीवर अंगठा टेकवून. पहिल्याच बैठकीत सरजाबाई म्हणाल्या होत्या, "माह्या आईले लोक अंगठेबहाद्दर म्हणून हसत. आता जजसाहेबही त्याच जातीचे झाले." न्यायाधीश कारखानीस त्या दिवसापासून त्यांना वचकून असत.

चाचणीच्या दालनात शिरताना सरजाबाईंनी सवयीने बांगड्या काढल्या आणि दाराशी बसवलेल्या तांब्याच्या पट्टीला तळहात टेकवला. अंगातली वीज जमिनीत जावी, दारूपाशी ठिणगी पडू नये, म्हणून कारखान्यात बाया हे रोज करत. इथे आज कुणालाच त्याची गरज वाटली नव्हती. एक मुलगी मात्र त्यांच्या मागोमाग आली आणि तिनेही तळहात टेकवला. सरजाबाईंनी तिला तेवढ्यावरच अर्धं पास केलं.

तीच संशोधक. अन्वया सोमलवार, वय जेमतेम एकतीस. तिने ट्रेमधलं एक पिवळंधमक काडतूस उचलून दिलं. सरजाबाईंनी ते कानाशी धरलं, दोनदा हलवलं.

"दारू ठासून भरली आहे, ती नाही वाजत. पण टोकाशी काहीतरी हालते. मोहरीएवढं."

अन्वयाचं तोंड उघडंच राहिलं. "मावशी, तो मोजकण आहे! यंत्रालासुद्धा तो ऐकू येत नाही."

"यंत्रानं चौतीस वर्षं नोकरी केली काय?"

मग अन्वयाने समजावून सांगितलं. गोळी शिशाची नव्हतीच. तांब्याची बारीक भुकटी एका चिकट द्रव्याने दाबून ती घडवलेली होती. बंदुकीच्या नळीत आत आटे असतात, त्यामुळे सुटलेली गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते, साधारण वितेला एक फेरा. हा मोजकण ते फेरे मोजतो. एकशे दहा भरले की टोकातलं द्रव्य सोडतो, भुकटीची पकड सुटते आणि गोळीचं हवेतच पीठ होतं. त्याआधी कशावर आदळली, तर तिथल्या तिथे पीठ.

"म्हणजे चुकलेली गोळी पंचवीस मीटरच्या पुढे कुणाचाही जीव घेऊ शकत नाही," ती म्हणाली. "आणि ज्याला लागते, त्याच्या आरपार जाऊन मागच्याला लागत नाही."

पहिला बार पोलादी पाट्यावर झाला. उसळून परत येण्याऐवजी गोळी तांबूस धूळ होऊन खाली सांडली. दुसरा माणसाच्या मांसाइतक्या मऊ ठोकळ्यावर; गोळीचं आतच पीठ झालं, मागून काही निघालं नाही. सरजाबाईंनी आधी ठोकळ्यात बोट दाबून, "खरवस नीट बसला," असा दाखला दिला होता. तिसऱ्या बारासाठी तीस मीटरवर मातीची बारा मडकी ओळीने मांडली होती. आवाज झाला. मडकी जागच्या जागी राहिली. हवेतून काहीतरी भुरभुरलं आणि मडक्यांच्या गळ्यावर कुंकवाच्या बोटासारखं बसलं.

सरजाबाई चालत तिथवर गेल्या. एका मडक्यावरून बोट फिरवलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर लोकाईले मारायचं सामान तपासलं. चुकलेल्याले वाचवणारं आज पहिल्यांदा पाहून राहिली. तुह्या मायनं तुले काय खाऊ घातलं, ते मले लिहून दे."

अन्वयाचे डोळे भरून आले. पोलीस उपमहानिरीक्षक शेरेकरांनी टाळी वाजवली.

मग कायद्याचे प्रश्न झाले. अंगात फुलून जखम चिघळवणाऱ्या गोळ्या युद्धात जुन्या कराराने बंद आहेत. ही तशी आहे का? नाही, शस्त्रवैद्य म्हणाले, जखम साध्या गोळीपेक्षा उथळ. क्ष-किरणात न दिसणारे कण अंगात सोडायला मनाई आहे. हे दिसतात का? तांबं आहे, लख्ख दिसतं. चार अंगठे पटापट टेकले. पाटी फिरत सरजाबाईंसमोर आली.

त्यांनी बटवा उघडला आणि डबीतून शिशाची एक चेपलेली गोळी काढून पाटीशेजारी ठेवली.

"ही माह्या तेजरामच्या पाठीतून निघाली. एकोणीस वर्षांचा होता. वरातीत एका बड्या माणसाच्या भाच्यानं गंमत म्हणून गोळीबार केला. हा रस्त्याच्या पल्याड उभा राहून जिलेबी खात होता. अठरा लोकाईनं सांगितलं, बंदूक नव्हतीच, फटाका होता." त्यांनी गोळी नखाने फिरवली. तिच्या अंगावर बारीक तिरपे ओरखडे होते. "हिनं सांगितलं. नळीतल्या आट्यांच्या या रेघा त्याच्याच बंदुकीशी जुळल्या. सात वर्षं खडी फोडली त्यानं. खटला संपल्यावर मी अर्ज करकरून ही मागून घेतली."

त्यांनी गोळी पाटीशेजारीच राहू दिली.

"अन्वया, तुही गोळी तेव्हा असती, तर माह्या पोरावर नुसती धूळ पडली असती. जिलेबी झटकून खाल्ली असती त्यानं. म्हणून हे तुहं काम मले देवघरातल्यासारखं वाटते. पण दहा पावलांवरून कुणाले लागली तर?"

"तर... आत पीठ होतं, मावशी."

"पिठावर रेघा राहतात?"

शेरेकर पुढे सरसावले. "काळजी नको, बाई. ही फक्त पोलिसांना मिळणार. आमची प्रत्येक बंदूक आपला प्रत्येक बार आपणच नोंदवते."

"बंदूक तुमची, नोंद तुमची. आणि मेलेला आमचा. मोठी सोयीची वाटणी केली, साहेब."

न्यायाधीशांनी खोकून घेतलं. "मग तुमचा नकार समजायचा का?"

"नकार कायले? एवढी गुणाची वस्तू मोडीत काढायले मी काय वेडी आहे?" सरजाबाई अन्वयाकडे वळल्या. "तू कधी दळण दळून आणलं?"

"आमच्याकडे तयार पीठ येतं."

"तरीच. आज सकाळी माह्या पिठात हरभरा निघाला. कोणाचा, ते मी चाखून सांगितलं. जात्यात आधीच्या बाईचा दाणा राहतेच. पीठ मुकं नसते, पोरी. तुह्या पिठात दुसरा दाणा टाक. ज्याच्या बंदुकीले काडतूस, त्याचा दाणा."

अन्वयाने समोरचा कागद ओढला आणि तिथेच उभ्याने आकृती काढायला लागली.

तीन आठवड्यांनी दालन पुन्हा भरलं. या वेळी तांब्याच्या पट्टीपाशी रांग होती. जजसाहेबसुद्धा हात टेकवून आत आले. अन्वयाने ठोकळ्यातून निघालेली चिमूटभर धूळ भिंगाखाली ठेवली आणि सरजाबाईंना आधी बोलावलं. तांबूस रेतीत बारीक कण विखुरले होते, प्रत्येकात रंगांचे पापुद्रे एकावर एक, पिवळा, निळा, पांढरा, पुन्हा निळा.

"ओळखकण," अन्वया म्हणाली. "जळत नाहीत, विरघळत नाहीत. रंगांचा क्रम प्रत्येक शिपायाचा वेगळा. कण अंगात राहिला तर क्ष-किरणात दिसतो, भिंतीवर बसला तर झाडून घेता येतो."

सरजाबाईंनी भिंगावरून डोळा काढला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. "सुनंदाचा हरभरा कामी आला. तिले सांगू नको, डोक्यावर बसेल."

सगळे हसले. चार अंगठे टेकले. पाटी सरजाबाईंपुढे आली. त्यांनी पदराला अंगठा पुसला, उचलला आणि सहज विचारलं, "कोणत्या रंगाचा कोण शिपाई, ती यादी कुठं राहीन?"

"अर्थात आमच्याकडे," शेरेकर म्हणाले. "मुख्यालयात. कुलूपबंद."

अंगठा काचेपासून दोन बोटांवर थांबला.

"ज्याले गोळी लागली, त्याच्या मायनं यादी पाहायले मागितली, तर तुम्ही तिले दाखवान?"

शेरेकरांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी कायद्याचं पुस्तक उघडलं, पानं पुढे चाळली, मग मागे चाळली. अन्वयाने पेन हातात घेऊन कोरा कागद पुढे ओढला, पण काय काढायचं ते या वेळी तिला सुचत नव्हतं. सरजाबाईंनी अंगठा खालीही नेला नाही, मागेही घेतला नाही.

"सांगा ना," त्या म्हणाल्या. "मले घाई नाही. गाडी थांबते बाहेर."