वळण येईपर्यंत गप्प

सासूबाईंचे पाय बारा महिने गार असत, म्हणून डोंगरमाथ्यावरच्या त्या शहरातून लोकरी मोजे आणायचे ठरले होते. फिरायला निघालेल्या नव्या जोडप्याला घरून एवढंच काम मिळालं होतं, त्यामुळे दोघंही खुशीत होती. मोजे मिळायचे वरच्या पेठेत. गाड्या खालच्या वेशीपाशीच थांबत. पुढे सगळा दगडी पायऱ्यांचा चढ, आणि हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधतानाही धाप लागे.

सकाळी निघताना खोलीच्या मालकीणबाईंनी तिला दारातच थांबवलं. नवरा तेव्हा अंगणात थंडीने पाय आपटत उभा होता.

“चढताना बोलायचं नाही हं, पोरी. बोलायचं ते वळणावरच्या कट्ट्यावर बसून.”

“दम लागतो म्हणून?”

“हो, हो. दम लागतो म्हणून.” बाईंनी जरा जास्तच घाईने मान डोलावली. मग आवाज उतरवला. “आणि चढावर कुणी तुझ्याशी बोललंच... ओळखीचं का असेना... तर हूं की चूं करायचं नाही.”

अंगणात येऊन तिने नवऱ्याला पहिला भाग तेवढा सांगितला. दुसरा सांगायचा तर त्याचे चार प्रश्न आले असते, आणि तिला एकाचं उत्तर देणंही जिवावर येई. सासरी ती मूग गिळून बसणारी सून होती, आणि तो ‘रेडिओ’. घरातली पोरंटोरंसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारत.

“म्हणजे मला शिक्षाच की गं ही!” तो म्हणाला.

“मला बक्षीस,” ती म्हणाली.

शहर खरंच तसं निघालं. चढावर सगळे मुके, कट्ट्यावर सगळे वक्ते. पाठीवर गॅसची टाकी बांधलेला हमाल, शाळेच्या मुली, भाजीवाली, सगळे ओठ मिटून चढत. एक मध्यमवयीन जोडपं त्यांच्या पुढेमागेच होतं आणि त्यांचं भांडण रंगात आलं होतं. उठायची वेळ झाली की दोघं वाक्य अर्ध्यावर टाकून उठत आणि वरच्या कट्ट्यावर टेकले की तिथूनच पुढे सुरू. “...आणि तुझा भाऊ? तो काय मोठा शहाणा लागून गेला?” तिला हसू आवरेना. फक्त एक गोष्ट खटकली. चढायला लागताना दोघंही कान मफलरने करकचून बांधत, आणि कट्टा आला की सोडत.

दुपारी धुकं उतरलं. वरच्या पेठेआधीचा शेवटचा चढ दोन उंच भिंतींमधून जात होता. ओल्या दगडाचा आणि विझलेल्या कोळशाचा वास येत होता. भांडणारं जोडपं मागेच कुठे तरी वळून गेलं होतं. नवरा पुढे. त्याचं राखाडी जाकीट धुक्यात दिसे, नाहीसं होई, पुन्हा दिसे. त्याची धाप मात्र सारखी ऐकू येत होती.

“अगं, किती भराभर चालतेस...”

त्याचाच आवाज. तिच्या पाठीमागून.

हा मागे कधी राहिला, असं मनाशी म्हणत ती वळणारच होती. तेवढ्यात पुढे राखाडी जाकीट हललं.

“थांब ना जरा.” शब्द कसे सलग, मोकळे, घरच्या झोपाळ्यावर बसून बोलावेत तसे. धापेचं नाव नाही. “तुझ्या पहिल्या चहात मीठ पडलं होतं. मी गपचूप प्यायलो. कुणाला बोललो नाही.”

हे तिलाही माहीत नव्हतं.

“नुसतं हं म्हण... तुझं ते नेहमीचं हं. आणि पुढे चाललाय तो कोण? त्याचं तोंड बघितलंस?”

खरंच, मागच्या कट्ट्यापासून तिने त्याचा चेहरा पाहिला नव्हता. धुक्यातून कुणाच्या मागे चालली होती ती? मानेवर थंडगार काही तरी फिरल्यासारखं झालं. ओठ आतून चावत तिने पुढच्या पायऱ्या अक्षरशः हातांनी ओरबाडत पार केल्या आणि ते जाकीट मुठीत पकडलं. आत ऊब होती. बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या.

मागचा आवाज बंद झाला.

कट्टा आला. तो मटकन बसला. घामाने डबडबलेलं, लालबुंद, त्याचंच तोंड. तिला रडूच फुटलं.

“थांब... श्वास घेऊ दे.” बऱ्याच वेळाने तो हसला. “काय बोललीस गं आज! मागून नुसती टकळी चालू. लग्न झाल्यापासून एवढी बोलली नव्हतीस.”

“मी... काय बोलले?”

“विसरलीस? दमले म्हणालीस. उतरताना पाठीवर घ्याल का, म्हणालीस.”

“आणि तुम्ही?”

“हो म्हटलं. नव्या बायकोला नाही कसं म्हणायचं?”

“ती मी नव्हते,” ती म्हणाली. तो हसायला लागला; तिचा चेहरा पाहून थांबला. “मोजे गेले खड्ड्यात. उठा. आत्ताच्या आत्ता खाली चला.”

तो उठला, पण गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत.

उतरताना तिने त्याची बाही सोडली नाही. आणि ती बोलत राहिली. जन्मात बोलली नव्हती इतकं. सासूबाईंचे पाय, रात्रीची गाडी, मालकीणबाईंची राहिलेली अर्धी गोष्ट, सगळं सगळं सांगितलं. तिचा आवाज त्याच्या कानात सतत राहायला हवा होता. तो कमरेत वाकून, एकेक पायरी जपून उतरत होता. दोन्ही हात त्याने मागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते.

“अहो... ऐकताय ना मी काय म्हणते ते?”

त्याने मान वळवली. तिच्याकडे नाही, दुसऱ्या खांद्याकडे.

“ऐकतोय गं,” तो हळूच म्हणाला. “तू नको बोलूस आता. मान टेक, झोप.”