धुऊन उरलेलं

प्रयोगशाळेत तिला सगळे धोबीण म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. दान आलेली कातडी साबणासारख्या द्रावणात घोळवत ठेवायची, पेशी साऱ्या निघून जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. मागे पांढरी जाळी उरे. ती वाळवून, दळून, विरघळवली की शाई तयार. तिच्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी मिसळायच्या, मग प्रिंटर रेघेला रेघ जोडत नवी जिवंत कातडी छापायचा. माझ्या हातून गेलेल्या जाळीत मूळ माणसाचं नखभरही उरत नाही, असं ती तोऱ्यात सांगे. ते खरंही होतं.

या वेळची शाई एका लहान मुलीसाठी होती. घरी उकळतं पाणी सांडलं म्हणे. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. तिची आई पूर्वीच जिन्यावरून पडून वारली होती. तेव्हा बापानं दान केलेली आईची कातडी अजून गोठवून ठेवलेली होती. रक्ताचं नातं म्हणून डॉक्टरांनी तीच निवडली. जखमेत पू धरू लागला होता. उशीर झाला असता तर हात गेला असता, कदाचित पोरही.

लावण्याआधी नातेवाइकांना कातडी दाखवायची, अशी तिथली रीत. बाप आला. नीटनेटका, मऊ बोलणारा माणूस.

"हिची आईच परत आली म्हणायची," तो हसून म्हणाला.

बशीतली कातडी सुरकुतली.

ओलावा कमी पडला असेल, म्हणून धोबिणीनं थोडं पोषकद्रव सोडलं. कातडी सपाट झाली. बाप खोकला. कातडी पुन्हा आक्रसली आणि त्याच्याकडची कड सोडून पलीकडे सरकली, फुंकर मारल्यावर दुधावरची साय सरकते तशी.

तो गेल्यावर ती स्वतः खोकली. टाळी वाजवली. डॉक्टरांना बोलावून बशीजवळ बोलायला लावलं. कातडी ढिम्म.

"अहो, त्यात नसा नाहीत, स्नायू नाहीत. आक्रसेल कशी?" डॉक्टर म्हणाले. "धुण्यात काही राहिलं का?"

तिनं उरलेली जाळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एकही पेशी नव्हती. धुलाई चोख होती, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

दुसरी कातडी करायला महिना लागला असता. पोर तापानं फणफणत होती. तिनं बशी डॉक्टरांच्या हाती दिली.

कातडी छान धरली. ताप उतरला, पोरगी वॉर्डभर बडबडत फिरू लागली. ती घरी जायच्या दिवशी धोबीण मुद्दाम तिला बघायला गेली.

"मावशी, इथे मला काहीच कळत नाही. चिमटा काढून बघा."

धोबिणीनं नुसतं बोट फिरवलं. कातडी उबदार होती, गुळगुळीत.

"निघायचं ना, राणी?" दारातून आवाज आला.

बोटाखालची कातडी गोळा झाली.

पोरीला पत्ताच नव्हता. ती बापाकडे बघून हसत होती.

"डॉक्टर, आजचा दिवस राहू दे तिला," धोबीण खाटेशी उभ्या डॉक्टरांना म्हणाली.

"का? काही दिसलं का?"

काय सांगणार? तिनं पोरीचा हात सोडला नाही.

बापानं वाकून हात पाहिला. तो दचकला नाही.

"अगदी आईवर गेलीय," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं पोरीची बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि न बघताच बटण लावलं, रोजचंच काम असल्यासारखं.