अनुरक्त किरण

लक्ष्मीकांत हे कागदावर उतरवणारच नव्हता. फजिती आपली, आणि वर टाइपही आपणच करायची... पण शेजारच्या सायकलवाल्या चिंतामणनं, त्याच्या जिगरी दोस्तानं, पिच्छाच सोडला नाही.

गोष्ट एकाहत्तरची. शशिकला चिंतामणकडे हवा भरायला आली आणि शेजारच्या टाइपिंगच्या दुकानातली खटखट ऐकून लक्ष्मीकांतच्या दारात उभी राहिली. एम.एस्सी.ला होती. राजेंद्र नगरच्या मराठी मंडळात तिचं भाषण होतं, ते टाइप करून हवं होतं. आजोबा नानासाहेब खूश झाले, तरच तिला संशोधनाला मुंबईला पाठवणार होते.

"अक्षर खराब आहे माझं. वाचता येईल ना?"

"बिल्कुल," लक्ष्मीकांत म्हणाला. तो कागदाकडे बघतच नव्हता.

मग तिनं समजावलं. काही आकाशगंगांच्या पोटात इतकी धूळ असते, की साधा उजेड आतच अडकतो. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मात्र बाहेर येतात. त्यांचा वर्णपट काढला, की आतली सगळी गडबड कळते. लक्ष्मीकांत नुसती मान हलवत राहिला... कान तापले होते. 'अवरक्त' हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

भाषणाला तो अगदी मागे उभा होता. शशिकला भरभर वाचत होती – "धूळ कितीही असो, अनुरक्त किरण आरपार येतातच."

ती थबकली. हॉल थबकला. प्रेमात पडलेले किरण? 'अवरक्त'च्या जागी हा शब्द लक्ष्मीकांतनं अकरा वेळा टाइप केला होता.

पहिल्या रांगेत नानासाहेबांनी सावकाश चष्मा काढला. "आमच्या होळकरशाहीत असे किरण पडद्यातूनसुद्धा यायचे," ते म्हणाले, आणि हॉल हसून लोटपोट झाला. मुंबई पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन दारात. दहा ठिकाणी लाल शाईनं दुरुस्ती.

"एक... राहिलाय," तो खाली बघत म्हणाला.

"राहिला नाही, ठेवलाय." मग हळूच – "चेहरा कोरा करून बसता, लक्ष्मीकांतजी, मतलब नुसती धूळ. पण कान लाल होतात ना तुमचे. मी तेच वाचायला शिकलेय."

"आणि मुंबई?"

"दोन वर्षं. चिठ्ठ्या हातानं लिहा हं. तुमच्या मशीनचा भरोसा नाही."

ती गेली. पंप हातात धरून चिंतामण सगळं ऐकत होता. "भिया, एक वचन दे," तो म्हणाला. "लग्नाची पत्रिका तू टाइप नाही करणार."

लक्ष्मीकांतनं त्याच्या तेलकट हातावर हात ठेवला आणि वचन दिलं.